आशीर्वादानंतरचा रविवार

शास्त्रपाठ : मार्क १:२१–३४, प्रेषितांची कृत्ये ८:२६–४०, इब्री १०:२४–२५, योहान २१:१८

पाठाचा उद्देश : उपासना संपल्यावर उरणारा रविवारही प्रभूचाच आहे हे समजून घेणे, मंडळीतील वयस्क माणसे तो कसा घालवतात हे पाहणे, आणि त्यांच्याविषयी आपले कर्तव्य ओळखणे.



शब्बाथशाळेतील मुलांना "रविवार कशासाठी असतो?" असे विचारले, तर बहुतेक मुले "चर्चला जाण्यासाठी" असे उत्तर देतात. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. आपली उपासना दीड तास चालते, फार तर दोन तास. साडेनऊला सुरू झाली तर साडेअकराच्या आत पाळकसाहेब हात उंचावून आशीर्वाद देतात आणि आपण गीतपुस्तके मिटून दाराकडे वळतो. त्यानंतर रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत दहा-अकरा तास उरतात. ते तास कोणाचे? प्रभूच्या दिवसातून दोन तास प्रभूचे आणि बाकीचे आपले, अशी वाटणी कोणी केली? या महिन्याच्या पाठात आपण त्या उरलेल्या तासांचा विचार करणार आहोत, आणि तो एका वयस्क माणसाच्या साध्या रविवारावरून करणार आहोत.

१. एका वडील माणसाचा रविवार

पाठासाठी एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणू. असा मनुष्य इंदुरात, बडोद्यात किंवा हैदराबादेतही सापडेल. आपण त्याला बेळगावात ठेवू. त्यांना नुसते 'दादा' म्हणू, कारण मंडळीतील लहानथोर अशा माणसाला याच नावाने हाक मारतात. वय बहात्तर. उद्यमबागेतील फाउंड्रीत तीस वर्षे नोकरी झाली. पत्नी तीन वर्षांपूर्वी प्रभूमध्ये निजली. मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादेला. घरात एक देवघड्याळ म्हणावे असे जुने भिंतीवरचे घड्याळ आणि दाराशी एक काळी सायकल.

दादांचा रविवार शनिवारी रात्रीच सुरू होतो. सदऱ्याला इस्त्री होते, सायकलच्या चाकांतली हवा अंगठ्याने दाबून पाहिली जाते, चेनला तेलाचे दोन थेंब पडतात. सकाळी ते लवकर निघतात. पिशवीत बायबल, उपासना संगीत आणि जवळचे वाचण्याचा चष्मा. चार किलोमीटरची वाट. चढ आला की ते उतरून सायकल हाताने ढकलत नेतात. त्यात त्यांना लाज वाटत नाही. चर्चमध्ये पोहोचल्यावर खिडक्या उघडायच्या, फळ्यावर गीतांचे क्रमांक लावायचे, मग उजवीकडे तिसऱ्या बाकावर बसायचे.

उपासना संपते. बाहेर झाडाखाली चहा होतो. कोणाच्या नातीचा निकाल, कोणाचे गुडघ्याचे ऑपरेशन, कोणाकडे लग्न ठरले, हे सर्व तेथे कळते. पण दादांचे लक्ष जितके आलेल्यांकडे असते तितकेच न आलेल्यांकडेही असते. मग ते सायकल घराकडे न वळवता दुसरीकडे वळवतात. शहापुरात एक वृद्ध भगिनी आहेत. त्यांना जिना उतरवत नाही. अनगोळला फाउंड्रीतले जुने सोबती आहेत. त्यांची दृष्टी गेली आहे. वडगावला एक तरुण जोडपे आहे, दोन रविवार दिसलेले नाही. प्रत्येक घरी पंधरा मिनिटे. त्या दिवसाचा शास्त्रपाठ वाचून दाखवायचा, संदेशातला एखादा मुद्दा सांगायचा, लहानशी प्रार्थना करायची आणि निघायचे. चहा एकाच घरी घ्यायचा, कारण डॉक्टरांनी साखर बंद केली आहे.

दीड वाजता दादा घरी येतात. भात लावतात. एखाद्या रविवारी शेजारची सून डब्यातून मटण पाठवते, तो दिवस सणाचा. दुपारी मुलाचा फोन येतो. आणि संध्याकाळी ऊन उतरले की ते पुन्हा सायकल काढतात. या वेळी कोणाकडे जाण्यासाठी नव्हे, नुसते फिरायला. गावाबाहेर भाताची शेते लागेपर्यंत जायचे, थोडा वेळ उभे राहायचे, परत यायचे.

यात चमत्कार काही नाही. पंचकमिटीच्या अहवालात यातले काही छापून येत नाही. पण या रविवारात उपासना आहे, सहभागिता आहे आणि वाट आहे. या तीन गोष्टी शास्त्रात एकत्र कोठे दिसतात ते आता पाहू.

२. प्रभूचा एक शब्बाथ

मार्कच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशूचा एक पूर्ण दिवस आपल्याला मिळतो. गाव कफर्णहूम, दिवस शब्बाथ. सकाळी प्रभू सभास्थानात जातो आणि शिक्षण देतो. तेथे अशुद्ध आत्म्याने पछाडलेला एक मनुष्य मुक्त होतो. मग सभास्थानातून निघून ते लगेच शिमोन व आंद्रिया यांच्या घरी जातात. याकोब व योहान बरोबर असतात. शिमोनाची सासू तापाने पडलेली आहे. प्रभू तिचा हात धरून तिला उठवतो, ताप जातो आणि ती त्यांची सेवा करू लागते. संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, गावातील आजारी माणसे दाराशी आणली जातात.

सूर्य मावळेपर्यंत लोक का थांबले, हे मुलांना समजावून सांगावे. यहूदी गणनेत दिवस सूर्यास्ताला संपतो. शब्बाथ दिवशी ओझे वाहणे वर्ज्य होते. माणसाला खाटेवर घालून आणणे हेही ओझेच मानले जाई. म्हणून लोकांनी सूर्यास्ताची वाट पाहिली. प्रभूने मात्र शिमोनाच्या घरात सूर्यास्ताची वाट पाहिली नाही.

येथे एक बारीक गोष्ट आहे. शिमोनाची सासू त्या सकाळी सभास्थानात नव्हती. घरात शिरताच त्यांनी तिच्याविषयी प्रभूला सांगितले, असे मार्क लिहितो. म्हणजे कोण आले नाही आणि का आले नाही, हे कोणाला तरी ठाऊक होते, आणि त्याने ते योग्य ठिकाणी सांगितले. मंडळीत पुष्कळदा अडते ते येथेच. आजाऱ्याला भेटायला जाण्यास कोणी नकार देत नाही; पण तो आजारी आहे हेच तीन आठवडे कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्रभूच्या त्या दिवसाचे तीन भाग मुलांना फळ्यावर लिहून द्यावेत : सभास्थान, घर, दार. सकाळी देवाच्या वचनाजवळ, दुपारी मित्राच्या घरात, संध्याकाळी गरजवंतांमध्ये. आपल्या दादांचा रविवारही याच क्रमाने गेला.

३. गैरहजर माणसाचा वाटा

प्रेषितांच्या नंतरच्या काळात ख्रिस्ती लोक रविवार कसा पाळीत, याचे एक स्पष्ट वर्णन आपल्याला जस्टिन हुतात्मा याच्या लेखनात मिळते. इ. स. १५५ च्या सुमारास रोम येथे त्याने सम्राट अंतोनिनस पायस याला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. त्यात तो सांगतो की, सूर्याच्या वारी शहरातील व खेड्यांतील विश्वासणारे एकत्र जमतात; प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची लिखाणे वाचली जातात; पुढारी उपदेश करतो; सर्व जण उभे राहून प्रार्थना करतात; मग भाकर आणि द्राक्षारस यांवर उपकारस्तुती होते व सर्वांना ते वाटले जाते. येथपर्यंत सारे आपल्या ओळखीचे आहे.

पण जस्टिन तेथे थांबत नाही. जे आले नाहीत त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी नेऊन देतात, असे तो लिहितो. आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांची तरतूद केली जाते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. त्या काळी ख्रिस्ती लोकांना राजाश्रय नव्हता, मोठी उपासनामंदिरे नव्हती. रविवार सुटीचा दिवस नव्हता. रोमी साम्राज्यात रविवारच्या विश्रांतीचा कायदा सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२१ साली केला. म्हणजे जस्टिनच्या काळचे विश्वासणारे कामाच्या दिवशी वेळ काढून जमत असत. तरीही गैरहजर माणसाचा वाटा ठेवलेला असे, आणि तो पोहोचवण्यासाठी माणूस नेमलेला असे. उपासनेला पहिल्यापासूनच एक वाट जोडलेली आहे.

आज प्रभुभोजन आजाऱ्याच्या घरी नेण्याचे काम पाळकसाहेबांचे आहे आणि ते त्यांच्याकडेच राहावे. पण वचनाचा वाटा, गीताचा वाटा, मंडळीच्या बातमीचा वाटा कोणीही नेऊ शकतो. दादा सायकलवरून तोच वाटा नेतात.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मंडळ्यांना याचे महत्त्व जास्त आहे. आपली घरे शहरभर विखुरलेली असतात आणि मराठी उपासना पुष्कळदा एकाच ठिकाणी होते. घरात नातवंडे कानडी, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू बोलतात, शाळेत इंग्रजी. अशा घरातील वृद्ध आजीला आठवड्यात मराठीतून प्रार्थना ऐकायला मिळते ती एकदाच. ती चर्चला येऊ शकली नाही तर तिचा देव हरवत नाही, हे खरे. पण लहानपणापासून ज्या शब्दांत ती देवाशी बोलत आली, ते शब्द तिच्याशी बोलणारे कोणी उरत नाही. तेथे पंधरा मिनिटे बसून मराठीतून एक स्तोत्र वाचणे ही लहान सेवा नव्हे.

४. रविवारी सायकलवर फिरावे काय?

आता संध्याकाळच्या फेरीकडे वळू. भेटीला जाणे समजते; पण रविवारी नुसते फिरायला जाणे योग्य आहे काय? आपल्या आजी-आजोबांच्या वेळी पुष्कळ ख्रिस्ती घरांत रविवारी बाजारहाट होत नसे, खेळ नसत, भाजीसुद्धा शनिवारी चिरून ठेवीत. त्यांच्या त्या शिस्तीला हसू नये. त्या शिस्तीनेच आपल्याला रविवार मिळाला.

शब्बाथ दिवशी किती चालावे, याचा नियम यहूदी शिक्षकांनी घातला होता. ती मर्यादा दोन हजार हातांची, म्हणजे सुमारे नऊशे मीटरची होती. प्रेषितांची कृत्ये १:१२ मध्ये जैतुनांचा डोंगर यरुशलेमेपासून शब्बाथ दिवसाच्या मजलेइतका दूर होता असे म्हटले आहे, ते याच मापाने. दादांनी हा नियम पाळला असता तर त्यांना चर्चलाही पोहोचता आले नसते.

सायकलवरून रविवारचा वाद जगात एकदा मोठ्याने होऊन गेला आहे. १८८५ साली इंग्लंडात जे. के. स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल निघाली. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी, अशी आजच्या सायकलची घडण तिच्यापासून रूढ झाली. १८८८ साली जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. पुढच्या दहा वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत लाखो लोक सायकलवर बसले, आणि कामकरी माणसाला मोकळा दिवस एकच, रविवार. बाके रिकामी पडू लागली तेव्हा व्यासपीठांवरून सायकलचा निषेध झाला. काही पाळकांनी मात्र वेगळा मार्ग घेतला : सायकलस्वारांना सायकलसकट बोलावले आणि सायकली ठेवायला जागा करून दिली. इंग्लंडातील मेरिडन या गावी पहिल्या महायुद्धात मेलेल्या सायकलस्वारांचे स्मारक १९२१ साली उभे राहिले, आणि पुढे तेथे दर वर्षी मे महिन्यात सायकलस्वारांची उपासना होत आली. ज्या वाहनामुळे चर्च ओस पडेल अशी भीती होती, त्याच वाहनावरून लोक उपासनेला आले.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर चाकात नाही. ते शोधण्यासाठी शास्त्र आपल्याला दोन कसोट्या देते. अनुवाद ५:१४–१५ मध्ये विश्रांतीची आज्ञा दास, दासी, बैल, गाढव आणि परका या सर्वांपर्यंत जाते, आणि कारण असे दिले आहे की इस्राएल स्वतः मिसरात दास होता. म्हणून पहिली कसोटी : माझ्या आनंदासाठी दुसऱ्या कोणाची विश्रांती हिरावली जाते काय? दुसरी कसोटी इब्री १०:२४–२५ मध्ये आहे; तेथे एकत्र जमणे सोडू नये आणि एकमेकांना प्रीतीसाठी व सत्कर्मांसाठी उत्तेजन द्यावे, असे सांगितले आहे. माझ्या फिरण्यामुळे मी एकत्र जमणे सोडतो काय?

दादांची संध्याकाळची फेरी या दोन्ही कसोट्यांना उतरते. ते कोणाला राबवत नाहीत आणि उपासना चुकवत नाहीत. भाताच्या शेतापाशी थोडा वेळ उभा राहणारा मनुष्य देवाने केलेल्या सृष्टीकडे पाहतो. सहा दिवसांनंतर देवानेही तेच केले. पण एखादा तरुण रविवारी पहाटे मित्रांबरोबर मोटारसायकलवर गोव्याच्या किनाऱ्याला निघाला आणि महिन्याचे चारही रविवार असेच गेले, तर त्याने स्वतःला दुसरी कसोटी लावून पाहावी.

५. रथातील रिकामी जागा

प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये उपासना, प्रवास आणि सहभागिता एकाच रस्त्यावर भेटतात. कूशी लोकांच्या राणीचा एक मोठा अधिकारी यरुशलेमेस उपासनेसाठी आला होता आणि रथात बसून परत चालला होता. त्याचे राज्य आजच्या सुदानात नाईल नदीच्या काठी होते; म्हणजे घरचा रस्ता कित्येक आठवड्यांचा. रथात बसून तो यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचत होता, आणि मोठ्याने वाचत होता, कारण फिलिप्पाला ते ऐकू आले.

हा मनुष्य षंढ होता. अनुवाद २३:१ प्रमाणे अशा मनुष्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. एवढ्या लांबून येऊनही त्याला आत किती जाता आले असेल? पण तो जो ग्रंथ वाचत होता त्यातच पुढे, यशया ५६:३–५ मध्ये, अशाच मनुष्याला देवाच्या घरात नाव व स्थान देण्याचे वचन आहे. उपासना झाली होती, परंतु त्याचा प्रश्न मनातच राहिला होता. तो सुटला परतीच्या वाटेवर.

फिलिप्प धावत रथाजवळ गेला. त्याने प्रथम उपदेश केला नाही. वाचता ते समजते काय, असे विचारले. अधिकाऱ्याने त्याला वर येऊन आपल्याजवळ बसण्याची विनंती केली. येथे दोघांचाही मोठेपणा आहे. एक धावला, दुसऱ्याने जागा दिली. रथात एक जागा रिकामी होती म्हणून पुढचे सर्व घडले : वचन उलगडले, पाणी दिसले, बाप्तिस्मा झाला, आणि तो मनुष्य आनंदाने आपल्या वाटेने गेला.

आपल्यापैकी पुष्कळांच्या स्कूटरची मागची सीट रविवारी सकाळी रिकामी असते. मोटारीत दोघे बसतात आणि तीन जागा रिकाम्या जातात. त्याच रस्त्यावर कोणी भगिनी बसची वाट पाहत उभी असते, किंवा रिक्षाचे भाडे परवडत नाही म्हणून घरीच राहते. ती जागा कोणाची आहे, हे प्रत्येकाने प्रार्थनापूर्वक ठरवावे.

६. घोड्यावरचा म्हातारा

वयस्क माणसाने प्रवास करावा आणि प्रभूची सेवा करावी, याचे मंडळीच्या इतिहासातील ठळक उदाहरण म्हणजे जॉन वेस्ली. बेळगावातील लंडन मिशनचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी मेथॉडिस्ट मंडळीकडे आले, तेव्हा तेथील वाचकांना हे नाव नवे नाही. वेस्लींचा जन्म १७०३ चा, मृत्यू २ मार्च १७९१ चा. वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षापर्यंत ते उपदेश करीत होते. त्यांनी आयुष्यात सुमारे अडीच लाख मैल प्रवास केला असा अंदाज चरित्रकार देतात, आणि त्यातला बराचसा घोड्यावरून. लगाम सैल सोडून ते घोड्यावर पुस्तक वाचीत. मार्च १७७० मध्ये आपल्या रोजनिशीत त्यांनी लिहिले आहे की लगाम सैल असला म्हणजे घोडा सहसा अडखळत नाही, असा आपला अनुभव आहे.

रविवारी त्यांचा परिपाठ असा की मेथॉडिस्ट सभा सकाळी फार लवकर किंवा संध्याकाळी व्हावी, म्हणजे लोकांना आपल्या गावच्या चर्चमधील उपासनेस व प्रभुभोजनास जाता यावे. आपली सभा भरावी म्हणून दुसऱ्याची उपासना रिकामी करू नये, हा त्यामागचा विचार.

घरोघर जाण्याची त्यांची पद्धत कशी सुरू झाली, ते ऐकण्यासारखे आहे. १७४२ साली ब्रिस्टल येथील सभागृहावर कर्ज होते. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे एकाने सुचवले. मग बारा-बारा जणांचे वर्ग केले आणि प्रत्येक वर्गाचा एक पुढारी नेमला. त्याने दर आठवड्याला घरोघर जाऊन पैसे गोळा करायचे. पुढारी पैशासाठी गेले, पण तेथे त्यांना माणसे कशी जगत आहेत हे दिसले. कोठे भांडण, कोठे दारू, कोठे उपासमार. वेस्लींनी ओळखले की हेच हवे होते. कर्ज फेडण्याची युक्ती पुढे मेथॉडिस्ट सहभागितेचा कणा झाली. आजही पंच मासिक वर्गणीसाठी घरोघर जात असतील, तर पावती फाडून लगेच जिना उतरू नये.

पण वेस्लींच्या जीवनातील आणखी एक प्रसंग आपल्या पाठाला जवळचा आहे. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना झालेल्या एका दुखापतीमुळे घोड्यावर बसणे जड जाऊ लागले. फेब्रुवारी १७७२ मध्ये ते लिहितात की आपण घोड्यावर बसू नये यासाठी मित्रांनी वर्गणी काढली आहे. ती त्यांनी चालू ठेवली तर ठीक, नाहीतर आपल्याला गरजेपुरते बळ मिळेल. पुढे ते गाडीतून प्रवास करू लागले. आयुष्यभर घोड्यावर बसलेल्या माणसाने कुरकुर न करता खाली उतरणे, हीही एक सेवाच होती. आणि त्याला मदत लागेल हे मित्रांना त्याने न सांगता समजले, ही त्या मित्रांची सेवा.

७. सायकल भिंतीला टेकते तेव्हा

कारण असा दिवस दादांनाही येणार आहे. मोतीबिंदू वाढेल, तोल जाईल, एखाद्या पावसाळ्यात सायकल घसरेल. मुलगा फोनवर म्हणेल, "दादा, आता पुरे." आणि सायकल भिंतीला टेकेल ती टेकेल. त्या रविवारी शहापूरच्या बाई, अनगोळचे सोबती आणि वडगावचे जोडपे, तिन्ही घरी कोणी जाणार नाही. चौथे घर दादांचे. इतकी वर्षे गैरहजरांची नोंद ठेवणारा मनुष्यच गैरहजर झाला, आणि त्याची नोंद ठेवायला कोणी नाही.

योहान २१:१८ मध्ये उठलेला प्रभू पेत्राला सांगतो की तरुणपणी तू आपली कंबर स्वतः बांधून पाहिजे तिकडे जात होतास. म्हातारपणी तू हात पुढे करशील, दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिकडे नेईल. पेत्र कोणत्या मरणाने देवाचे गौरव करील, हे सुचवण्यासाठी प्रभू असे बोलला, असे योहान सांगतो. पण ज्याने ज्याने म्हातारपण पाहिले आहे त्याला हे शब्द आपलेही वाटतात. आणि त्याच संभाषणात प्रभूने पेत्राला मेंढरांची जबाबदारी दिली होती हे विसरू नये. हात पुढे करण्याची वेळ आली म्हणून मनुष्य प्रभूचा सेवक राहत नाही, असे नाही.

२०२० च्या टाळेबंदीत उपासनामंदिरे बंद झाली आणि आपण फोनवर उपासना पाहायला शिकलो. आजाऱ्यांसाठी ती सोय आजही उपयोगी आहे. तिच्याबद्दल देवाचे आभार मानावेत. पण तिच्यामुळे आपली एक समजूत झाली की घरी बसलेल्या वृद्धाला उपासना मिळते, तेव्हा त्याला भेटण्याची गरज नाही. फोनच्या पडद्यावरून संदेश ऐकू येतो. आज तिसऱ्या बाकावर कोण नव्हते, हे त्या पडद्याला कळत नाही. शिमोनाच्या सासूचा हात धरायला प्रभू तिच्या घरी गेला.

म्हणून मंडळीने दोन गोष्टी कराव्यात. दादा सायकल चालवीत आहेत तोवर एखाद्या तरुणाने त्यांच्याबरोबर जावे, घरे पाहून घ्यावीत, माणसांची ओळख करून घ्यावी. एलीयाबरोबर अलीशा बरीच वाट चालला तेव्हा झगा त्याच्याकडे आला. आणि ज्या रविवारी दादांना निघता येणार नाही, त्या रविवारी त्यांना आणायला वाहन त्यांच्या दाराशी असावे. ते शक्य नसेल तर त्यांचा वाटा घेऊन कोणीतरी यावे.

तोवर दादांनाही एक विनंती आहे. वेस्लींप्रमाणे त्यांनी वेळेवर उतरावे. आपल्याला न्यायला आलेल्या मुलाला "कशाला त्रास घेतलास?" असे म्हणून परत पाठवू नये. रथात जागा देणारा जसा मोठा, तसा रथात बसणाराही.

शिक्षकांसाठी

१. मार्क १:२१–३४ वाचून मुलांना फळ्यावर तीन रकाने करायला सांगावे : सभास्थान, घर, दार. प्रत्येक रकान्यात प्रभूने काय केले ते त्यांनी लिहावे. मग त्याच रकान्यांत आपला मागचा रविवार लिहावा.

२. कूशी अधिकारी व फिलिप्प यांचा प्रसंग मुलांकडून करून घ्यावा. दोन खुर्च्यांचा रथ पुरे. एक खुर्ची रिकामी ठेवून "येथे कोण बसेल?" असा प्रश्न विचारावा.

३. मोठ्या मुलांसाठी चर्चेचे प्रश्न : रविवारी क्रिकेटचा सामना असेल तर दोन कसोट्या कशा लावाल? आपल्या आनंदासाठी रविवारी कोणाला काम करावे लागते?

४. पुढील रविवारपर्यंतचे काम : गेल्या महिन्यात जे चर्चला येऊ शकले नाहीत अशा एका आजी-आजोबांचे नाव प्रत्येक मुलाने घरी विचारून यावे. शिक्षकांनी यादी करून पाळकसाहेबांना द्यावी. मग दोन-दोन मुलांनी मोठ्या माणसाबरोबर एका घरी जावे. जाताना मुलांनी काढलेले एखादे चित्र न्यावे, एक गीत म्हणावे आणि पंधरा मिनिटांत निघावे.

प्रार्थना

हे प्रभू, तू आम्हांला पूर्ण दिवस दिलास आणि आम्ही तुला त्यातले थोडे तास दिले, याची क्षमा कर. आमच्या मंडळीतील वयस्क बंधुभगिनींबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. त्यांनी आमच्यासाठी खिडक्या उघडल्या, बाके पुसली आणि आमची वाट पाहिली. जे आज येऊ शकले नाहीत त्यांची नावे आमच्या ध्यानात आण. आमच्या पायांना, चाकांना व वेळेला तुझी वाट दाखव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.